उजव्या पायावरची उडी

बाई, तुमच्या त्या स्वीडिश उडीवालीला मी गेल्या शनिवारी पाहिलं. चित्रात नाही, समोर. तिच्याशी बोलले, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडावर एक खोटंही बोलले. हे सांगावं असं जगात एकच माणूस होतं आणि ते जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणून ही कागदावरची बडबड. तुम्ही असतात तर मध्येच थांबवून म्हणाला असतात, "पाल्हाळ नको, आधी ती उंच किती ते सांग." उंच आहे, बाई. साठी उलटली आहे, एका गुडघ्यानं जरा लंगडते, पांढरे केस बारीक कापलेत, तरी माझं डोकं जेमतेम तिच्या खांद्याला लागलं. तुम्ही तिच्या कोपराशी आला असतात. आणि तरीही तिलाच "सरळ उभी राहा" म्हणून सांगितलं असतंत.

मी आता रेडमंडमध्ये असते. अमेरिकेच्या पार वायव्य कोपऱ्यात, वर्षातले सात महिने आभाळ गळत असतं अशा गावात. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, दिवसभर खुर्चीत बसते आणि संध्याकाळी पाठ धरली म्हणून कुरकुरते. नवरा मूळचा नागपूरचा, माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला. एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची, नववीत. ती शाळेच्या संघात उंच उडी मारते. हे मी तिला शिकवलं नाही, सुचवलंसुद्धा नाही. सहावीत असताना एक दिवस घरी आली आणि म्हणाली, मला हाय जंप आवडतं. मी भाजी चिरत होते, "बरं" म्हणाले आणि चिरत राहिले. आपली आई कधीकाळी सांगली जिल्ह्यात पहिली आली होती, हे तिला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण तो विषय निघाला की तुमचा विषय निघणार, म्हणून मी तो निघूच दिला नव्हता.

तर तीन आठवड्यांपूर्वी मुलीच्या कोचचा सगळ्या पालकांना मेल आला. इथल्या एका विद्यापीठात त्यांच्या जुन्या, नावाजलेल्या खेळाडूंची एक मानाची भिंत आहे. त्या भिंतीवर यंदा एका निवृत्त स्वीडिश उंच उडीपटूचं नाव लागणार होतं. ती तरुणपणी तिथे शिष्यवृत्तीवर शिकायला आली होती, पुढे जगभर खेळली, आणि खेळणं थांबल्यावर परत येऊन याच भागात मुलांना शिकवत राहिली. शाळांमधल्या उडी मारणाऱ्या मुलांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. खाली तिचं नाव होतं. ते नाव मी आधी इंग्रजीत वाचलं आणि मग तुमच्या आवाजात, तुम्ही म्हणायचात तसं, मधल्या अक्षरावर जोर देऊन. फोन टेबलावर पालथा ठेवला.

नवऱ्याला सांगितलं, शनिवारी मी जाणार. तो म्हणाला, "अगं, शनिवारी मंडळाचं पॉटलक जेवण आहे ना? तू पुरणपोळ्या साइन-अप केल्यास."

"कॅन्सल कर."

"कॅन्सल काय यार, चाळीस माणसं आहेत! आणि तुला कधीपासून स्पोर्ट्समध्ये इंटरेस्ट?"

"आठवीपासून," मी म्हणाले.

आठवीपासूनच ना, बाई? शाळेच्या मागचं ते मैदान, कडेला लिंबाची दोन झाडं आणि खेळाच्या सामानाची खोली. त्या खोलीत लेझमी, डंबेल्स, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि खिडकीशी तुमची खुर्ची. तुम्ही साडीच्या निऱ्या वर खोचायच्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या बरोबरीनं शिट्टी. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही फारशा बसायच्या नाहीत. तिथल्या इतर बाई तुम्हाला "अहो मैदानवाल्या" म्हणायच्या, हे आम्हाला ऐकू यायचं आणि आमचं डोकं फिरायचं. तुम्हीच सांगायच्या, "म्हणू देत. त्यांना कुठं दांडीवरून जायचंय."

आणि तुमची ती चिकटवही. हिशेबाच्या जुन्या वहीच्या पानांवर मैद्याची खळ लावून चिकटवलेली कात्रणं. सुरुवातीला चार-पाच खेळाडू होते, मग ती एकटीच उरली. युरोपात कुठेशी सोन्याचं पदक, मग दुखापत, मग परत सोनं. ऑलिंपिकचं पान मला अजून दिसतं. पेपरात पहिल्या तिघींचेच फोटो आले होते, ती चौथी. तुम्ही त्या पानावर पेनानं एक रिकामी चौकट काढली होती आणि आत लिहिलं होतं, 'चौथी'. मी विचारलं, फोटो नाही? तर म्हणालात, "पेपरवाल्यांना तीनच्या पुढं मोजता येत नाही." जी माहिती पेपरात नसायची ती तुम्ही सांगायच्या. ती सुताराची मुलगी. बर्फात मैदान नसतं म्हणून धान्याच्या कोठारात गवताच्या ढिगावर उड्या मारून शिकली. रोज दोन लिटर दूध पिते. या दुधापायी तुम्ही आम्हाला घरून बाटल्या आणायला लावल्यात आणि मला दुधाची शिसारी बसली ती आजतागायत आहे. तुम्हाला हे सगळं कुठून कळायचं, असा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नाही. तुम्ही सांगितलं म्हणजे ते असणारच.

बाकीच्या शाळांतल्या मुली वाळूत पडायच्या, कैचीसारखे पाय उचलून. तुम्हाला पाठीवरची उडी शिकवायची होती, तिच्यासारखी, आणि पाठीवर वाळूत पडलं तर मान मोडते. गादी मागायला तुम्ही मुख्याध्यापकांकडे चार वेळा गेलात. मग मागणं सोडलंत आणि मार्केट यार्डातून हळदीची रिकामी पोती आणलीत, भाताच्या गिरणीतून तूस आणलं, आणि दोन रविवार आम्हा सात मुलींना घेऊन पोती शिवलीत. वर ताडपत्री. पोती कितीही झटकली तरी हळद जात नव्हती. ताडपत्रीच्या भोकांतून ती उडायची आणि आमच्या पांढऱ्या ब्लाउजच्या पाठी पिवळ्या व्हायच्या. आई मला दारातच अडवायची, "काय गं, आज कुणाच्या नावाची लागली?" शेजारच्या काकू हसायच्या. मी पाय आपटत न्हाणीघरात जायची. पण खरं सांगू, मला ती पिवळी पाठ आवडायची. रस्त्यानं जाताना दप्तर मुद्दाम हातात धरायची, पाठ दिसावी म्हणून.

आता त्या फोटोकडे येते. वहीतले बाकी सगळे फोटो हवेतले किंवा पदकाचे. एकच असा होता ज्यात ती जमीन सोडताना दिसत होती. एक पाय जमिनीवर, दुसरा गुडघ्यात उचललेला, छातीवरचा नंबर हाताआड गेलेला, मागे एका फलकावर काही अक्षरं. त्या एका फोटोवरून तुम्ही सगळं शास्त्र बांधलंत. किती पावलं, कुठून वळण, कुठला पाय. जमिनीवर उजवा पाय होता आणि ती डावीकडून धावत आलेली होती. म्हणून आम्ही सगळ्या डावीकडून धावायचो आणि उजव्या पायावर उडायचो. तुम्ही फक्कीनं जमिनीवर वळण आखायच्या आणि उडी घ्यायच्या जागी 'उ' लिहायच्या, उजव्याचा. मी एकदा विचारलं, बाई, मागची अक्षरं कसली? तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "स्वीडिश. त्यांची लिपी वेगळी असते." पाचवीपासून इंग्रजी शिकणाऱ्या आम्ही सात मुलींनी माना डोलावल्या.

माझा पाय डावा होता, बाई. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पायऱ्या चढताना, ओढा ओलांडताना, बसमधून उतरताना डावाच पुढे यायचा. नववीत धीर करून तुम्हाला सांगितलं, मला उजवीकडून येऊन डाव्यावर उडायचंय. तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "जगातली एवढी मोठी पोरगी उजव्या पायावर उडते. आणि तू काय नवीन काढलंयस? नीट बघ तो फोटो. नीट बघ आणि मग बोल." मला खोलीत नेऊन फोटोसमोर उभं केलंत, तास संपेपर्यंत. मी बघितला. खरंच उजवाच होता. मी परत कधी बोलले नाही, पण मनात मूग गिळून ठेवले ते पचले नाहीत.

आणि म्हणून पुण्याचं ते राज्याच्या स्पर्धेचं मैदान. दहावीचं वर्ष. तिथे खरी फोमची गादी होती, निळी, आणि आपण दोघी तिला हात लावून बघत होतो, देवळात आल्यासारख्या. पाचव्या उंचीला माझ्या दोन उड्या गेल्या. दोन्ही वेळा टाचेनं दांडी पडली. तिसऱ्या उडीआधी तुम्ही कडेला उभ्या होतात, हाताची मूठ उजव्या मांडीवर आपटून मला खूण करत होतात. मी खाली वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, तुम्ही शिकवलं होतंत तसं. मग उठले आणि तुमच्या डोळ्यांदेखत चालत मैदानाच्या दुसऱ्या बाजूला गेले. उजवीकडे. मला तिथली पावलं माहीत नव्हती, वळण माहीत नव्हतं. धावले, डावा पाय टाकला आणि छातीनं दांडीवर आदळले. लोक हसले. मी पाचवी आले. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की जिंकायला म्हणून बदलले. ते खरं नाही. तुम्ही चुकलात हे चारचौघांत दाखवायला मी ती उडी घालवली.

परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात, पण पुण्यापासून सांगलीपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. कराडला गाडी थांबली तेव्हा माझ्या हातात भज्यांचा कागद ठेवलात आणि परत खिडकीबाहेर बघायला लागलात. त्यानंतर मी मैदानावर आले नाही. दहावी, मग बारावी, मग पुण्याला इंजिनीअरिंग. दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर तुमचं पाकीट आलं. आत तोच फोटो, वहीतून सोडवलेला, आणि एक चिठ्ठी, "हे आता तुझ्याकडे असू दे. नीट बघ." खाली सही, 'बाई'. मी ते दोन शब्द वाचले आणि परत त्या खोलीत तुमच्या शिट्टीसमोर उभी राहिले. वाटलं, चार वर्षं झाली तरी सोडत नाहीत, अजून उजव्या पायाचाच धडा. सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये एका प्लास्टिकच्या खिशात फोटो सरकवला, मागे दहावीचं मार्कशीट होतं. उत्तर लिहिलं नाही. पाच महिन्यांनी आईचं पत्र आलं की तुम्ही गेलात, कावीळ झाली होती, कुणाला कळेपर्यंत उशीर झाला. मी सबमिशनचं कारण काढून आले नाही. फाइल मात्र माझ्याबरोबर सगळीकडे आली. विमानात हातातल्या बॅगेत.

तर शनिवार. विद्यापीठाच्या आतल्या बंदिस्त मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, बाजूला कॉफी आणि चीजच्या ताटल्या. मी फोटो पर्समध्ये घेतला होता, प्लास्टिकच्या खिशासकट. म्हटलं, तिची सही घ्यावी आणि तुमचं एक काम पुरं करावं. भाषणांतून कळलं की तिचे वडील सुतार नव्हते, दातांचे डॉक्टर होते. ती कोठारात नाही, शाळेच्या उबदार हॉलमध्ये शिकली. मग तिच्या जुन्या उड्यांची फिल्म लावली. मी तिला पहिल्यांदाच हलताना बघत होते, बाई. तुम्ही तर कधीच बघितलं नाहीत. ती धावायला लागली आणि माझा उजवा पाय खुर्चीखाली आपोआप जमिनीवर दाबला गेला, आणि तिचा डावा पडला. ती उजवीकडून आली होती. दुसरी उडी, तिसरी उडी, दर वेळी उजवीकडून, दर वेळी डावा. मला वाटलं फिल्मच उलटी लागलीय. पण मागच्या पाट्या सरळ वाचता येत होत्या. मग उलटं काय होतं ते कळायला वेळ लागला नाही. सांगलीच्या कुठल्याशा छापखान्यात कुणीतरी फोटो उलटा छापला होता, आणि त्यापायी सात मुली आपल्या चुकीच्या पायावर उडत राहिल्या.

आधी राग आला. मग आनंद झाला, तोही सांगते, कारण तेहतीस वर्षांनी मी बरोबर ठरले होते. वळून कुणाला तरी सांगावं असं झालं. शेजारी मुलगी होती, तिच्या पलीकडे तिच्या संघातल्या मुली. ज्यांना सांगायचं होतं त्या तुम्ही नव्हतात. तिथे माझा आनंद संपला.

ती स्वतः थोडंच बोलली. म्हणाली, माझ्या गावी एका चौकाला माझं नाव दिलंय, आणि लोक माझं नाव घेतात ते तिथे गाड्या तुंबल्या की. सगळे हसले. मग म्हणाली, तिचा देशातला विक्रम बरीच वर्षं टिकला आणि मग तिच्याच गावच्या एका मुलीनं मोडला. तेव्हा ती प्रेक्षकांत होती. सगळे टाळ्या वाजवायला उठले आणि ती कॉफी आणायला बाहेर गेली, टाळी वाजवायला लागू नये म्हणून. "त्या मुलीला मीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "नंतर तिला सांगितलं की कॉफीची रांग मोठी होती. हे आज पहिल्यांदा खरं सांगतेय." तुम्हाला ती आवडली असती. वहीतल्यापेक्षा जास्त आवडली असती.

कार्यक्रमानंतर मुलं तिच्याभोवती जमली. मीही गेले, माझा नंबर आला तेव्हा इंग्रजी विसरले. कसंबसं सांगितलं की भारतात एका छोट्या शहरात माझ्या एक बाई होत्या, तुमची कात्रणं वहीत चिकटवायच्या, तुमच्यासारखी उडी आम्हाला शिकवायची म्हणून त्यांनी पोत्यांची गादी शिवली होती. तिनं माझा हात धरला. तुम्ही चौकट काढून 'चौथी' लिहिलं होतंत ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. म्हणाली, त्या चौथ्या नंबराची कुणीतरी नोंद ठेवली होती, हे मला आज कळतंय. मग हसून तिनं विचारलं, "कुठल्या पायावर शिकवलं त्यांनी?"

माझा हात पर्समध्ये होता, बाई. प्लास्टिक बोटांना लागत होतं. फोटो काढला असता तर तिच्या लगेच लक्षात आलं असतं. कोच होता, मुली फोन घेऊन उभ्या होत्या. छान किस्सा झाला असता. सगळे प्रेमानं हसले असते. ते प्रेमानं हसणं मला तुमच्यासाठी नको होतं. मी हात रिकामा बाहेर काढला आणि म्हणाले, "डाव्या. तुमच्यासारखंच."

"चांगल्या शिक्षिका होत्या," ती म्हणाली. मी हो म्हणाले. तेवढं खरं होतं. सही राहूनच गेली.

मुलगी माझ्या मागेच उभी राहून हे सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते तेव्हा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आई, यू जंप्ड? आणि मला कधी सांगितलंच नाहीस? आय मीन, व्हाय?" मी सांगितलं. पोहे झाकून ठेवले आणि सगळं सांगितलं, हळद, तूस, शिट्टी, पुणं. ती म्हणाली, फोटो दाखव. मी दिला. तिला एक सेकंदही लागला नाही. "आई, इट्स फ्लिप्ड. सेल्फीसारखा. बघ ना अक्षरं." आम्ही सात जणींनी आणि तुम्ही तीन वर्षं ज्याला स्वीडिश लिपी म्हटलं ते या पोरीनं दात न घासता वाचलं. तिनं फोटो प्लास्टिकमधून काढला, सिंकवरच्या खिडकीच्या काचेला मागच्या बाजूनं धरला, आणि बाहेरच्या उजेडात तो सुलटा झाला. डावा पाय. फलकावर एक शब्द. तिनं फोनला विचारलं, फोन म्हणाला, दूध. दुधाची जाहिरात होती, बाई. तुमचं एवढं एक बरोबर निघालं. मी हसायला लागले आणि तेवढ्यात ती म्हणाली, "समबडी ड्रू समथिंग हिअर."

फोटोच्या मागे मी कधी बघितलंच नव्हतं. मागे वाळलेल्या खळीचे पापुद्रे आहेत आणि जिल्ह्यातली एक बातमी, विहिरीत पडलेली म्हैस सुखरूप बाहेर. त्या म्हशीच्या बातमीवरून पेन्सिलीची एक बारीक रेघ गेली आहे. उजवीकडून निघून, वळण घेत, दांडीपाशी येणारी. रेघेवर आडव्या खुणा, एकेका पावलाच्या. तुमच्या फक्कीसारखीच. आणि जिथे उडी घ्यायची तिथे तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'डा'.

तुम्ही तो फोटो मला द्यायचा म्हणून वहीतून सोडवलात. खळ सुटायला पाणी लावलं असणार. ओला कागद वाळायला कुठे ठेवणार? खोलीच्या खिडकीच्या काचेवर. आणि मग उजेडात तुम्हाला तो मागून दिसला असणार. किती वेळ बघत उभ्या राहिलात, बाई? तास संपेपर्यंत? तुमच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता, तुम्ही जे काय बोलायचात ते फक्कीनंच. तशी पेन्सिल घेऊन तुम्ही मला नवीन पावलं आखून दिलीत आणि चिठ्ठीत लिहिलंत, नीट बघ. मी नीट बघितलं नाही. रागावून खिशात सरकवलं आणि तुम्ही पाच महिने टपालाची वाट बघितली असेल. हे मला सहन होत नाहीये. तुमची आठवण यायची ती आजवर रागातून यायची, त्यात बरं होतं. आता नुसतीच येते.

हे पत्र कुठे टाकणार? ते त्याच प्लास्टिकच्या खिशात घालून ठेवते, म्हशीच्या बातमीच्या बाजूला. फोटो मात्र आता उलटून ठेवलाय, तुमची रेघ वर दिसेल असा.

आणखी एक राहिलं. बुधवारी मुलीला आणायला तिच्या शाळेच्या मैदानावर गेले. सराव संपला होता, ती आत बॅग आणायला गेली होती. लहान मुलांसाठी दांडी खाली आणून ठेवली होती, माझ्या कमरेएवढी. आसपास कुणी नव्हतं. मी बूट घट्ट केले, उजवीकडे गेले, तुमची पावलं मोजली, पेन्सिलीत होती तेवढीच. वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. डावा पाय, म्हटलं, या वेळी तुमच्या हुकमानं. आणि मग बाई, मला ते जमेना. पाय उचलेना. तिथे तुम्ही कुठेच नव्हतात. मी उठले आणि चालत डावीकडे गेले.

धावले, वळले, उजवा पाय टाकला. पाठीनं दांडी नेली आणि गादीवर पडले. तशीच पडून राहिले. वर करडं आभाळ, गादीला रबराचा वास. उठले तेव्हा सवयीनं हात मागे गेला, जॅकेटची पाठ झटकायला. झटकण्यासारखं काही नव्हतं, तरी झटकत राहिले.

मुलगी आली, म्हणाली, "हू नॉक्ड द बार?" मी म्हणाले, वाऱ्यानं पडली. तुम्हाला म्हणून सांगते, वारा नव्हता.